खुर्ची कोणाची? गटाची!

  भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडे असू द्या.

पुढच्या महिन्यात आपल्या बऱ्याच गटांत पदाधिकारी बदलायचे आहेत. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. विषय निघाला की आम्हाला गावोगाव दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "मला नको बाई, मला बोलता येत नाही." आणि दुसरं, "आहे तीच राहू द्या, तिला सगळं माहीत आहे." या दोन वाक्यांमुळे काही गटांत आठ-आठ, दहा-दहा वर्षं एकच बाई अध्यक्ष आहे. ती वाईट आहे असं नाही. पण बाकीच्या नऊ-दहा जणींना अध्यक्ष म्हणजे नेमकं काय हेच अजून कळलेलं नाही. बँकेत सही करणारी? साहेब आले की हार घालणारी? की सगळ्यांच्या वतीनं निर्णय घेणारी?

म्हणून आज आपण एका अध्यक्षाची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या गावातली नाही आणि आपल्या देशातलीही नाही. ती आहे फ्रान्समधली, १७८९ सालची. तेव्हा आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते. त्याच वेळी तिकडे फ्रान्समध्ये लोकांनी राजाला विचारलं, राज्य तुमचं की आमचं? विचारायला जी सभा जमली, तिच्या पहिल्या अध्यक्षाचं नाव झाँ सिल्व्हँ बायी. हो, बायी. माणूस पुरुष, पण नाव ऐकायला आपल्या 'बाई'सारखं. तेव्हा लक्षात ठेवायला सोपं.

आधी तिथली परिस्थिती समजून घेऊ. ती आपल्याला कळायला अवघड नाही. १७८८ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या मोठ्या भागात प्रचंड गारपीट झाली आणि उभं पीक झोपलं. गारपीट म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्यावर कडाक्याचा हिवाळा आला, नद्या गोठल्या, पाणचक्क्या थांबल्या, दळण होईना. पाव महागला. तिथल्या गरिबाचं पोट पावावर, जसं आपलं भाकरीवर. मजुराच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त पैसा नुसत्या पावावर जायला लागला. आणि तिकडे राजाची तिजोरी कर्जानं रिकामी झालेली.

पैसा उभा करायला राजानं, म्हणजे सोळाव्या लुईनं, देशभरातून प्रतिनिधी बोलावले. अशी सभा त्याआधी १६१४ मध्ये भरली होती. मध्ये १७५ वर्षं गेली! ५ मे १७८९ ला व्हर्साय या गावी, राजवाड्याजवळ, ती सभा सुरू झाली. तिचे तीन भाग होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-जहागीरदारांचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील, डॉक्टर हे सगळे तिसऱ्यात. देशातली शंभरातली ९७ माणसं या तिसऱ्या भागात मोडत होती. पण मत कसं मोजायचं? पूर्वीची रीत अशी की एका भागाचं एक मत. म्हणजे धर्मगुरूंचं एक, सरदारांचं एक आणि ९७ टक्के लोकांचंही एकच. पहिल्या दोघांनी हात मिळवला की दोन विरुद्ध एक, विषय संपला. शिवाय कर मुख्यतः भरायचा तिसऱ्यांनीच.

तिसऱ्या भागाच्या प्रतिनिधींनी हट्ट धरला. सगळे एकत्र बसू आणि माणूस मोजून मत घेऊ. महिनाभर नुसतं अडून राहणं चाललं. या अडलेल्या सभेनं ३ जूनला बायींना आपलं प्रमुख केलं.

आता हे बायी कोण? राजकारणी नाहीत, सरदार नाहीत. त्यांचं काम आकाशाचं. ते खगोलशास्त्रज्ञ होते. जन्म पॅरिसमधला, १७३६ चा. वडील राजाच्या चित्रसंग्रहाची देखभाल करायचे. बायींनी हॅलेच्या धूमकेतूवर काम केलं, गुरूच्या चंद्रांवर काम केलं. आणि आपल्याला बरं वाटेल अशी एक गोष्ट, १७८७ मध्ये त्यांनी भारतीय खगोलशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांच्या ग्रहगणिताची कोष्टकं फ्रेंच लोकांनी तिकडे नेली होती, ती त्यांनी अभ्यासली. म्हणजे ज्या माणसानं आपलं आकाशाचं गणित तपासलं, तोच पुढे लोकसभेच्या खुर्चीवर बसला.

आणखी एक काम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. पॅरिसमध्ये एक मोठं जुनं रुग्णालय होतं. तिथे गरीब रुग्णांना एका पलंगावर चार-चार, सहा-सहा जणांना झोपवत. तापाचा रुग्ण, जखमी रुग्ण, मरायला टेकलेला रुग्ण, सगळे शेजारी शेजारी. याची चौकशी करायला विद्वानांची समिती नेमली आणि तिचा अहवाल १७८६ मध्ये बायींनी लिहिला. तो वाचून लोक हादरले. तर असा हा माणूस. मोजणारा, तपासणारा, नीट लिहून काढणारा. भाषणं ठोकणारा नव्हे. सभेनं निवडला तो असा.

मैत्रिणींनो, इथे पहिली गोष्ट गाठीला बांधा. "मला बोलता येत नाही" म्हणणाऱ्या आपल्या मैत्रिणीला सांगा की अध्यक्षाचं काम बोलणं नाही. बोलणाऱ्याला बोलू देणं, न बोलणाऱ्याला विचारणं आणि ठरलं ते लिहून घेणं, हे अध्यक्षाचं काम. बायींच्या सभेत बोलणारे भरपूर होते. त्यांना एका ओळीत ठेवणारा एक हवा होता.

आता पाहा, या अध्यक्षानं काय केलं. १२ जूनपासून त्या सभेत हजेरी सुरू झाली. गंमत म्हणजे हजेरीत फक्त आपल्या लोकांची नावं पुकारली नाहीत. न आलेल्या धर्मगुरूंची आणि सरदारांचीही नावं गावागणिक पुकारली. नाव पुकारायचं, थांबायचं, उत्तर नाही, पुढचं नाव. म्हणजे दार उघडं आहे, या. आणि दुसऱ्या दिवशी तीन पाद्री खरोखर उठून आले. मग दर दिवशी आणखी काही. १७ जूनला तिसऱ्या भागानं ठराव केला, आम्ही आता तिसरा भाग नाही, आम्ही राष्ट्रीय सभा आहोत. देशाच्या वतीनं बोलणारी सभा.

राजाला हे मानवेना. २० जूनच्या सकाळी बायी आणि प्रतिनिधी सभागृहाशी आले तर दाराला कुलूप आणि पुढे शिपाई. राजाच्या दरबाराची तयारी करायची आहे म्हणून बंद, असं कारण. बाहेर पाऊस पडत होता. पाचशेहून जास्त माणसं रस्त्यावर भिजत उभी. कोणी घरी गेलं असतं तर सभा तिथेच मोडली असती. तेवढ्यात डॉक्टर गियोतँ नावाच्या प्रतिनिधीनं सुचवलं की जवळच चेंडू खेळायचं एक दालन आहे, तिकडे जाऊ. चार उंच भिंती, वर छप्पर, आत खुर्ची नाही, बाक नाही, असं ते दालन. सगळे तिकडे गेले.

तिथे कोणीतरी अध्यक्षांसाठी एक आरामखुर्ची आणली. बायींनी ती नाकारली. सगळी सभा उभी असताना मी बसणार नाही, असं ते म्हणाले. मैत्रिणींनो, अध्यक्षाची खुर्ची केव्हा सोडायची हे ज्याला कळतं, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.

मग मूनिये नावाच्या प्रतिनिधीनं सुचवलं की आपण शपथ घेऊ. देशाची राज्यघटना तयार होईपर्यंत आपण वेगळं व्हायचं नाही, जिथे जमता येईल तिथे जमायचं. अध्यक्ष म्हणून बायींनी पहिली शपथ घेतली, बाहेर रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा मोठ्यानं. मग एकेक जण पुढे आला, शपथ घेतली, सही केली.

आणि इथे घडली ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं आज आम्ही तुम्हाला सांगतो आहोत. एवढ्या सगळ्यांमध्ये एक जण म्हणाला, मी शपथ घेणार नाही. त्याचं नाव मार्तँ दोश. त्याचं म्हणणं, राजाची मंजुरी नसलेल्या गोष्टीची शपथ मी घेऊ शकत नाही. नुसतं बोलला नाही, तर सहीशेजारी त्यानं लिहिलं की मी विरोधात आहे. सगळी सभा त्याच्या अंगावर धावली. त्याचं नाव खोडा, अशी ओरड झाली. बायींनी त्याला समजावून पाहिलं, पण तो हटला नाही. शेवटी काय ठरलं? नाव राहू द्या. विरोध राहू द्या. इथे प्रत्येकाला आपलं मत मांडायला मोकळीक होती, याचा तोच पुरावा होईल. रागावलेल्या लोकांकडून त्याला इजा होऊ नये म्हणून मागच्या दारानं त्याला सुखरूप बाहेर काढलं.

पुढे दावीद नावाच्या मोठ्या चित्रकारानं या प्रसंगाचं चित्र काढलं. मधोमध टेबलावर उभे राहून हात उंचावलेले बायी, भोवती जल्लोष करणारी माणसं, आणि उजव्या कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला एकटा दोश. चित्रकारानंही त्याला गाळलं नाही.

आता आपल्या वह्या काढा. ठराव वही, इतिवृत्त वही, जे काही म्हणत असाल ते. पानं चाळा आणि मोजा, किती ठरावांखाली 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आहे. आम्ही ज्या गटांच्या वह्या पाहतो त्यांत जवळजवळ प्रत्येक पानावर हेच असतं. जसं काही बायका कधी वेगळा विचारच करत नाहीत!

एका गटाची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. गटातून ४०,००० रुपयांचं कर्ज एका जुन्या पदाधिकारी बाईच्या नातेवाइकाच्या धंद्यासाठी द्यायचं ठरलं. कर्ज बाईच्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "हे बरोबर नाही, मागचं थकलेलं आहे, ते आधी येऊ द्या." त्यांना गप्प केलं गेलं. "एकटीमुळे सगळ्यांचं अडवू नका." वहीत लिहिलं, सर्वानुमते मंजूर. सहा महिन्यांनी हप्ते थकले. बँकेनं पुढचं कर्ज थांबवलं. मग सगळ्या जणी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या आणि त्या काकूंना ऐकावं लागलं, "तुमचीपण सही आहे की!" त्यांच्या विरोधाची एक ओळ वहीत असती तर? एक तर बाकीच्या जणींनी दोनदा विचार केला असता. आणि नसता केला, तरी त्या काकूंची मान ताठ राहिली असती. बचत सगळ्यांची आहे. म्हणून 'नाही' म्हणणारीची ओळही वहीत हवी. ती ओळ लिहून घेणं हे अध्यक्षाचं काम आहे, सचिवाच्या मर्जीवर सोडायचं नाही.

पुढे जाऊ. २३ जूनला राजानं सगळ्यांना दरबारात बोलावलं. आपलं म्हणणं सांगितलं आणि हुकूम दिला की तिन्ही भागांनी वेगवेगळं बसावं. राजा गेला, सरदार गेले, बरेच धर्मगुरू गेले. तिसऱ्या भागाचे लोक बसून राहिले. राजाचा दरबारी अधिकारी परत आला आणि अध्यक्षांना म्हणाला, तुम्ही हुकूम ऐकलात ना? बायींनी शांतपणे सांगितलं की सभेत चर्चा झाल्याशिवाय मी सभा उठवू शकत नाही. आणि जमलेल्या राष्ट्राला कोणी हुकूम देऊ शकत नाही, असंही ते म्हणाले. चार दिवसांनी, २७ जूनला, राजालाच माघार घ्यावी लागली. त्यानं बाकीच्या दोन्ही भागांना एकत्र बसायला सांगितलं.

बघा, तो माणूस 'मला नाही जायचं' असं म्हणाला नाही. 'सभेनं ठरवल्याशिवाय मला अधिकारच नाही' असं म्हणाला. आपल्या गटातही दरबारी अधिकारी येतात बरं का. कधी गावातला पुढारी येतो, "अमक्याला कर्ज द्या." कधी एखादीचा नवरा दारात उभा राहून सांगतो, "तिचं मत असं आहे." कधी सरपंच बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांचे मालकच सगळं बोलतात. अशा वेळी भांडायची गरज नाही. अध्यक्षानं एवढंच म्हणायचं, "दादा, गटानं ठरवल्याशिवाय मला सांगता येणार नाही. बैठकीत विषय ठेवते." हे वाक्य पाठ करा. ते नम्र आहे, पण मागे सरत नाही.

बायी अध्यक्ष किती दिवस राहिले माहीत आहे? जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. पुरते तीन आठवडेही नाहीत! पुढे त्या सभेनं नियमच केला की अध्यक्ष पंधरा दिवसांचा, आणि लगेच पुन्हा तोच नाही. एवढ्या मोठ्या देशाचा कायदा लिहिणारी सभा दर पंधरा दिवसांनी अध्यक्ष बदलायची आणि तरी मोडली नाही. का? कारण कामकाज माणसावर नव्हे, नियमावर चालायचं. अध्यक्षासमोर एक घंटी असायची. फारच गोंधळ झाला तर अध्यक्ष डोक्यावर टोपी चढवायचा. म्हणजे आता सभा थांबली, शांत व्हा. आपल्याला पंधरा दिवसांचा अध्यक्ष नको, बँकेच्या सह्या बदलता बदलता जीव जाईल. पण मासिक बैठक चालवायला दर महिन्याला वेगळी बाई का नको? खात्यावरची सही एकीची, बैठक चालवणं पाळीपाळीनं. वर्षाखेरीला सगळ्या जणी तयार झालेल्या असतील.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात बायका कुठे आहेत? बरोबर विचारलंत. त्या सभेत एकही बाई प्रतिनिधी नव्हती. पण बायका आल्या, आणि कशा आल्या ते ऐका.

जुलैमध्ये पॅरिसमध्ये बॅस्टिल पडला आणि बायी पॅरिसचे महापौर झाले. महापौर म्हणून त्यांचं रोजचं काम काय? पिठाच्या गाड्या. आज शहरात पीठ आलं का, उद्या येईल का. लोकांना हक्काचा जाहीरनामा मिळाला होता, पण पाव मिळत नव्हता. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका उठल्या. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या. हजारोंच्या संख्येनं त्या पावसात चालत व्हर्सायला निघाल्या. अंतर सुमारे २० किलोमीटर. ओल्याचिंब, चिखलानं माखलेल्या अशा त्या संध्याकाळी सभागृहात घुसल्या.

त्या दिवशी अध्यक्ष होते मूनिये, तेच ते शपथ सुचवणारे. बायकांनी पाव मागितला. मूनिये त्यांच्यातल्या काही जणींना घेऊन राजाकडे गेले. बोलायला पुढे केली ती एक सतरा वर्षांची मुलगी. राजासमोर तिला भोवळ आली, पण मागणी पोचली. राजानं धान्याचं आश्वासन दिलं. मूनिये मात्र रात्रीपर्यंत राजवाड्यातच अडकले, कारण त्यांना हक्काच्या जाहीरनाम्यावर राजाची लेखी मान्यता हवी होती.

ती घेऊन ते परत आले तर सभागृह बायकांनी भरलेलं. प्रतिनिधींच्या बाकांवर बायका. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर? एक बाई! मूनियेंनी आपली जागा परत घेतली, प्रतिनिधींना बोलवायला ढोल वाजवायला लावले आणि राजाचं लेखी वाचून दाखवलं. तेव्हा बायकांनी विचारलं, हे चांगलं आहे ते खरं, पण यानं पॅरिसच्या गरिबांना पाव मिळेल का? मूनियेंना कळलं की यांनी दिवसभर काही खाल्लेलं नाही. त्यांनी गावातल्या पाववाल्यांकडे जिथे मिळेल तिथून पाव आणायला माणसं पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या बायका राजालाच सोबत घेऊन पॅरिसला परतल्या.

त्या खुर्चीवर बसलेल्या बाईचं नाव फार कोणाला माहीत नसतं. पण तिच्या मैत्रिणींचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. ठराव चांगला आहे, पण यानं पोटात काय पडेल? आपल्या प्रत्येक ठरावाला हा प्रश्न विचारला पाहिजे.

आणि पुढे काय झालं? १७९१ ची राज्यघटना आली, त्यात मताचा हक्क फक्त ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांना. राजाला शहरात आणणाऱ्या बायकांना मत नाही. ओलँप द गूज नावाच्या लेखिकेनं त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. तिचं म्हणणं, बाईला फाशीच्या तख्तावर चढवता तर सभेच्या व्यासपीठावरही चढू द्या. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला गिलोटिनवर मारलं. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९४४ मध्ये. आणि त्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदी बाई निवडून यायला २०२२ साल उजाडलं. याएल ब्रॉन-पिव्हे त्यांचं नाव. पावसात भिजलेली बाई त्या खुर्चीवर बसली १७८९ मध्ये, आणि हक्कानं बसली २०२२ मध्ये. २३३ वर्षं!

आपल्याकडे बायकांना मत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, पुरुषांच्या बरोबरीनं. २००९ मध्ये मीरा कुमार लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, २०११ पासून. म्हणजे खुर्ची आपल्याला कायद्यानं मिळाली आहे. तिच्यावर आपण बसायचं की आपल्या जागी दुसऱ्याला बसू द्यायचं, एवढंच उरलं आहे.

बायींचं शेवटी काय झालं, तेही सांगायला हवं. गोष्ट अर्धी सांगून चालत नाही. १७ जुलै १७९१ ला पॅरिसच्या एका मैदानात लोक राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला जमले. महापौर बायींनी लाल निशाण लावून लष्करी कायदा पुकारला. शिपायांनी गोळ्या झाडल्या, अनेक माणसं मेली. ज्यानं एका दोशचा विरोध जपला होता, त्याच्याच हुकमाखाली विरोध करणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. लोकांनी ते विसरलं नाही. त्या वर्षाखेरीला त्यांनी पद सोडलं, गाव सोडलं. पुढे पकडले गेले. राणीवरच्या खटल्यात त्यांना साक्षीला उभं केलं, तेव्हा तिच्याविरुद्ध खोटं बोलायला ते तयार झाले नाहीत. १२ नोव्हेंबर १७९३ ला, थंडी-पावसात, त्याच मैदानाजवळ त्यांना मारलं. आधी ते लाल निशाण त्यांच्यासमोर जाळलं. सांगतात की कोणीतरी खिजवलं, "थरथरतोस का बायी?" तर ते म्हणाले, "हो, पण थंडीनं." वय ५७.

आपण त्यांना देव करायचं नाही आणि राक्षसही नाही. एकाच माणसानं अध्यक्ष म्हणून विरोध लिहून घेतला आणि सत्ता हातात आल्यावर विरोध ऐकला नाही. म्हणूनच खुर्ची माणसाच्या चांगुलपणावर सोडायची नसते. ती नियमानं बांधायची असते आणि वेळेवर बदलायची असते. आपल्या गटातली अध्यक्ष कितीही गुणी असो, हे तिच्याही भल्याचं आहे. दहा वर्षं सगळं एकीनं ओढलं की चूक झाली तर शिव्याही तिलाच आणि आजारी पडली तर गटही बंद.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. हजेरी मोठ्यानं घ्या आणि न आलेलीचं नावही पुकारा. मग कोणीतरी तिच्या घरी जाऊन का आली नाही ते विचारा. वहीत 'सर्वानुमते' लिहिण्याआधी अध्यक्षानं एकदा विचारायचं, "कोणाचं वेगळं मत आहे का?" आणि असेल तर तिच्या नावासह एक ओळ लिहायची. तिला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, सचिवानं लिहावं आणि वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा. बाहेरून कोणी हुकूम आणला तर ते पाठ केलेलं वाक्य म्हणा. पुढच्या सहा बैठका कोण चालवणार त्या सहा जणींची नावं आत्ताच वहीत लिहा, त्यातल्या निदान तीन जणी कधीच न बोललेल्या असाव्यात. आणि प्रत्येक मोठ्या ठरावानंतर त्या बाजारातल्या बायकांचा प्रश्न विचारा, यानं आपल्या चुलीवर काय शिजेल?

चर्चेसाठी एक विषय देतो. तुमच्या गटात 'नाही' म्हणणारी मैत्रीण कोण आहे? तिच्या 'नाही'मुळे कधी गटाचा तोटा वाचला का? तुमच्या बैठकीत बोला, आणि जे ठरेल ते केंद्रावर येऊन किंवा चिठ्ठीनं आम्हाला कळवा. पुढच्या भागात ती उत्तरं आपण वाचू. आता जेवणाची वेळ झाली, ताटं वाढा. आणि बैठकीला वेळेवर या. नमस्कार.